मोडलेली सवय परत कशी सुरू करता? (एडीएचडी असणाऱ्यांसाठी आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्यांसाठी)

निळीशाई:

काल कपाट आवरताना जुन्या डायऱ्यांचा गठ्ठा सापडला. मोजल्या तर अकरा निघाल्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर पट्टीनं मारलेली रेघ, वळणदार अक्षर आणि 'आजपासून' या शब्दानं सुरुवात. दहा-बारा पानांनंतर अक्षर तिरकं व्हायला लागतं. मग एक पान असं येतं की वर नुसती तारीख आहे आणि खाली काहीच नाही. त्यापुढे डायरी कोरी. एकाही डायरीत चौथा आठवडा उजाडलेला नाही.

चार वर्षांपूर्वी, वयाच्या ३६व्या वर्षी मला एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जाण्याच्या अवस्थेचं, निदान झालं. तोपर्यंत हा गठ्ठा म्हणजे माझ्या आळशीपणाचा पुरावा, असंच मी धरून चालले होते. काल जमिनीवर बसून डायऱ्या चाळताना पहिल्यांदा दुसरंच काही दिसलं. सुरुवात करणं मला कधीच जड गेलं नव्हतं, अकरा वेळा केली होती. एक दिवस चुकला की त्या कोऱ्या पानाकडे बघवायचं नाही, म्हणून डायरी खणात जायची. आणि खणात गेलेली वस्तू माझ्यासाठी जगातूनच गेलेली असते. काही महिन्यांनी नवी डायरी. परत यायची वाटच मी कधी ठेवली नव्हती.

सवय कशी लावायची यावर भरपूर लिहिलेलं सापडतं. मला विचारायचंय ते मोडल्यानंतरचं. व्यायाम, झोप, औषध वेळेवर घेणं, घर आवरणं, हिशेब लिहिणं, काहीही असो. आठ दिवस किंवा महिनाभर सुटल्यावर तुम्ही परत कसे आलात? कशाचा हात धरून आलात? शक्यतो तपशिलात लिहा. 'मनावर घ्या, सगळं जमतं' हे मात्र कृपा करून नको. ते आम्ही लहानपणापासून ऐकलंय आणि मनावर घेतलंही आहे.

पानगळ:

ते नुसत्या तारखेचं पान वाचून पोटात कालवलं. माझ्याकडे डायऱ्या नाहीत, फोनमध्ये सवयींची नोंद ठेवणारी सात ॲप्स आहेत.

माझा अनुभव औषधाचा. मला रोज सकाळी गोळी घ्यायची असते, आणि ती आठवणीनं घेण्यासाठी जे लक्ष लागतं तेच मला त्या गोळीनं मिळतं. सकाळी गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन मी उभी असायचे. घेतली का? की आता घ्यायचीय? चुकून दोनदा घेतली जाईल या भीतीनं मग घ्यायचेच नाही. डॉक्टरांनी सात वारांच्या सात कप्प्यांची डबी वापरायला सांगितली. कप्पा रिकामा असेल तर घेतली, आठवायची गरजच नाही. पण ती डबी मी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि तिसऱ्या दिवशी विसरून गेले. आता ती टूथब्रशच्या ग्लासाला टेकून उभी असते. ब्रश उचलायचा तर आधी ती बाजूला करावी लागते.

अजूनही चुकते. प्रवासाहून परतल्यावर हमखास चुकते, कारण डबी बॅगेतच राहते. त्यामुळे बॅग उघडली की पहिलं काम डबी ग्लासाशी नेऊन ठेवायची, कपडे नंतर. ती जागेवर गेली की दुसऱ्या सकाळपासून गाडी रुळावर.

टकटक:

पानगळ यांनी अनुभवातून जे शोधलं, तेच मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली अनेक वर्षं सांगत आलेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की एडीएचडीत अडचण काय करावं हे ठाऊक नसण्याची नसते, ठाऊक असलेलं वेळेला हातून न होण्याची असते. त्यामुळे आणखी उपदेश करून काही साधत नाही. कृती जिथे आणि ज्या क्षणी व्हायची, तिथेच मदत ठेवलेली हवी. डबी ग्लासाशी, डॉक्टरांची फाइल दाराच्या कडीला, भरायचं बिल लॅपटॉपच्या झाकणावर.

माझा भर पूर्वी अलार्मवर होता. दिवसाला चौदा. दोन महिन्यांत असं झालं की अलार्म वाजायच्या आत बोट तो बंद करायला जायचं, कशाचा होता ते वाचायच्याही आधी. आता दोनच ठेवलेत आणि बाकीचं 'जर-तर'वर चालतं. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांची ही कल्पना आहे. 'मी वस्तू जागेवर ठेवेन' असं ठरवण्याऐवजी 'जर दार आतून लावलं, तर किल्ली खुंटीला, मग बूट काढायचे' असं प्रसंगाला बांधून ठरवायचं. एडीएचडी असलेल्या मुलांबरोबरही हे करून बघितलं गेलंय आणि स्वतःला आवरायला त्याची मदत झालेली दिसली आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मोडण्यासाठीही एक 'जर-तर' आधीच ठरवून ठेवलाय. जर दोन दिवस चालायला गेलो नाही, तर तिसऱ्या दिवशी फक्त बूट घालायचे आणि दाराबाहेर उभं राहायचं. तिथून परत आत आलो तरी तो दिवस झाला असं धरायचं. निम्म्या वेळा मी खरंच आत येतो. पण बूट घातलेले असतात.

मोरपीस:

२१ दिवस नेटानं केलं की सवय लागते असं सगळीकडे वाचते. एडीएचडीत ते जास्त लागतात का?

पैलतीर:

मोरपीस, मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते. हा २१चा आकडा किती जणांना छळतो ते रोज बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६०मधल्या लिखाणात आहे. शस्त्रक्रियेनंतर आपल्या बदललेल्या चेहऱ्याशी जुळवून घ्यायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला 'किमान' गळाला आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांच्या रोजच्या साध्या सवयींचा माग ठेवला. तो अभ्यास २००९मध्ये आला. सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला निघाला, मध्य ६६ दिवसांचा. ही मंडळी एडीएचडी म्हणून निवडलेली नव्हती, तेव्हा ६६ला नवी मुदत करू नका. त्या अभ्यासातली मला जास्त मोलाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. मध्ये एखादा दिवस चुकल्यानं सवय घडण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. निळीशाई, तुमच्या अकरा डायऱ्यांच्या वेळी हे कुणी सांगितलं असतं तर, असं वाटून गेलं.

शिवाय एडीएचडीत काही सवयी कधीच पूर्णपणे आपोआप होत नाहीत. दहा वर्षांनीही डबी ग्लासाशीच लागते. चष्मा लागलेल्या माणसाला आपण 'अजून चष्मा सुटला नाही का' असं विचारत नाही.

मोरपीस:

मनापासून आभार. राग मानणार नसाल तर आणखी एक विचारू? मुलाच्या शाळेनं तपासणी सुचवली आहे. तो नऊ वर्षांचा आहे. घरात सगळे म्हणतात की मुलं अशीच असतात, विसरणं तर सगळ्यांचंच होतं. आणि हा धागा वाचताना मला तो कमी आणि मीच जास्त दिसायला लागलेय. रात्री दोनदा वाचला.

पैलतीर:

राग कसला! विसरणं सगळ्यांचं होतं हे खरंच आहे. निदान करताना बघतात ते किती, कधीपासून आणि कुठे कुठे. डीएसएम-५ या निदानपुस्तिकेप्रमाणे लक्ष न लागण्याची नऊ आणि चंचलता-उतावळेपणाची नऊ लक्षणं आहेत. दोहोंपैकी एका गटातली किमान सहा, आणि वय १७ किंवा त्याहून जास्त असेल तर किमान पाच, निदान सहा महिने तरी असावी लागतात. त्यातली काही तरी वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली हवीत, घर आणि शाळा किंवा घर आणि काम अशा दोन ठिकाणी तरी दिसायला हवीत, आणि त्यांच्यामुळे जगण्यात खरोखर अडथळा येत असायला हवा. झोप पुरत नसेल, थायरॉइड बिघडलेला असेल, नैराश्य किंवा चिंता असेल तरी लक्ष असंच उडतं, म्हणून ते आधी तपासायला हवं. ऑनलाइन प्रश्नावलीनं शंका घेता येते, निदान होत नाही.

तुम्हाला त्याच्यात स्वतः दिसणं यात नवल नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून एडीएचडीतला आनुवंशिकतेचा वाटा साधारण ७० ते ८० टक्के दिसतो. मुलाच्या तपासणीच्या वेळी आईला किंवा वडिलांना स्वतःचं कोडं उलगडणं आम्ही नेहमी बघतो. मुलींच्या बाबतीत तर ते फार उशिरा उलगडतं. वर्गात धावपळ न करता खिडकीबाहेर बघत बसलेल्या मुलीची तक्रार कुणी करत नाही.

मुलाबद्दल एक सांगते. २००७मध्ये फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवलं की एडीएचडी असलेल्या मुलांत मेंदूच्या बाह्यस्तराची वाढ त्याच क्रमानं होते, पण सरासरी तीनेक वर्षं मागून. नऊ वर्षांच्या मुलाकडून दप्तर भरायची अपेक्षा करताना सहा वर्षांच्या मुलाला आपण किती मदत केली असती ते आठवा. तेवढी त्याला करा. लाड होतील याची भीती बाळगू नका.

निळीशाई:

मोरपीस, मी ती खिडकीबाहेर बघणारी मुलगी. प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा: 'हुशार आहे, पण लक्ष नाही.' तुम्ही तुमची तपासणीही करून घ्या, मुलाची झाल्यावर 'मग बघू' म्हणू नका. आपलं 'मग' कधी येत नाही.

उंबरठा:

मला एडीएचडी नाही, माझ्या बायकोला आहे. सोबत राहणाऱ्यांनाही बोलावलंत म्हणून लिहितो.

माझी चूक सांगतो. निदानानंतर मी मदत करायची म्हणून आठवण करून द्यायला लागलो. गोळी घेतलीस? फोन केलास? बिल भरलंस? मला ती काळजी वाटत होती. एक दिवस ती म्हणाली, 'तू खोलीत आलास की मला आधी हेच आठवतं की माझं काय राहिलंय.' खूप लागलं ते. सहा वर्षांच्या संसारात मी तिचा पहारेकरी झालो होतो.

आता स्वयंपाकघराच्या दाराशी एक पांढरा फळा आहे. राहिलेलं काम ज्याला दिसेल त्यानं तिथे लिहायचं, माझंही तिथेच येतं. तोंडानं आठवण द्यायची नाही, फळा बोलेल. शनिवारी सकाळी वीस मिनिटं दोघं त्यासमोर उभे राहतो, जुनं पुसतो, नवं लिहितो. उभं राहूनच, बसलो की गप्पा सुरू होतात. हेही मध्ये पाच आठवडे बंद पडलं होतं, आणि तेव्हा माझ्यामुळे पडलं होतं. ती फडकं घेऊन आली, सगळा फळा कोरा केला आणि म्हणाली, 'आता आठवेल तेवढंच लिही.' तीनच गोष्टी आठवल्या. बाकीचं मागचं ओझं सोडून दिलं, आणि बिघडलं काहीच नाही.

रातकिडा:

झोपेबद्दल लिहितो, कारण माझी बाकी प्रत्येक सवय झोपेवरून मोडते.

एडीएचडी असणाऱ्या बऱ्याच जणांचं शरीराचं घड्याळच उशिरा चालतं. झोप यावी म्हणून स्रवणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं. हे कळेपर्यंत मी दहा वाजता अंथरुणावर पडून एक वाजेपर्यंत छताकडे बघायचो आणि सकाळी ऑफिसला उशीर. डॉक्टरांनी उलट टोकाकडून धरायला सांगितलं. झोपायची वेळ आपल्या हातात नाही, उठायची आहे. रोज एकाच वेळी उठायचं, सुट्टीच्या दिवशीही, आणि उठल्या उठल्या अर्धा तास उजेडात जायचं. रात्री खोलीतले मोठे दिवे बंद. फोनचा चार्जर बाहेरच्या खोलीत, उठवणारं घड्याळही तिथेच. ज्यांची औषधं चालू आहेत त्यांनी दिवसातला शेवटचा डोस किती वाजता घ्यायचा हे डॉक्टरांना विचारा, काही औषधांनी झोप लांबते. मनानं मात्र काही बदलू नका.

घडी विस्कटली की मी रात्र सुधारायच्या मागे लागत नाही. कितीही वाजता झोपलेलो असलो तरी ठरल्या वेळी उठतो आणि उजेडात जातो. दोन दिवस अंग जड असतं, तिसऱ्या दिवशी बसते घडी.

शांतदुपार:

पहिल्यांदाच लिहितोय. वय २४. औषध चालू होऊन वर्ष झालं. सुरुवातीला वाटलं आता सगळं सुटलं. पहिल्याच आठवड्यात सलग तीन तास एकाग्र होऊन मी फोनमधले जुने फोटो लावत बसलो होतो. अहवाल तसाच होता. लक्ष लागत होतं, पण ते कुठे लावायचं ते मलाच ठरवायचं होतं, आणि ते मी कधी शिकलोच नव्हतो.

मला परत येता येत नाही ते लाजेमुळे. एका प्राध्यापकांच्या मेलला उत्तर द्यायचं राहिलं. दोन दिवस झाले, मग आठ, मग त्यांचं नाव दिसलं की पोटात गोळा यायला लागला, मग मेल उघडणंच बंद. २१२ न वाचलेल्या मेल झाल्या होत्या. आता काय तोंडानं लिहिणार?

टकटक:

शांतदुपार, बरं झालं लिहिलंत. तुम्ही सांगताय ते मी नोकरीत जसंच्या तसं भोगलंय. दोन गोष्टी करा. सगळ्या २१२ मेल 'जुन्या' नावाच्या फोल्डरमध्ये टाका, एकही न वाचता. इनबॉक्स रिकामा दिसू दे. मग त्या प्राध्यापकांना नवी मेल लिहा, तीन ओळींची. 'उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. काम अमुक टप्प्यावर आहे. अमुक दिवशी पाठवतो.' कारणं लिहायला बसू नका, कारणं लिहिता लिहिता पुन्हा अडकाल.

आणि हे एकट्यानं करू नका. मित्राला व्हिडिओ कॉलवर घ्या, त्यानं त्याचं काम करायचं, तुम्ही तुमचं, बोलायचं नाही. याला बॉडी डबलिंग म्हणतात. शेजारी कुणी असलं की मन खुर्चीवर टिकतं. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही पोमोडोरो पद्धत सगळे सुचवतील. पंचवीस जड वाटली तर दहा लावा. ज्या कामाची भीती बसलीय त्याला दहा पुष्कळ झाली.

पैलतीर:

आणि ही लाज जर 'आपण नकोच' अशा विचारांपर्यंत जात असेल, तर औषध देणाऱ्या डॉक्टरांना ते आजच सांगा, पुढच्या भेटीची वाट बघू नका. एडीएचडीसोबत नैराश्य आणि चिंता पुष्कळदा असतात आणि त्यांच्यावर वेगळे उपचार आहेत.

शांतदुपार:

तिथपर्यंत नाही, पण विचारलंत ते बरं वाटलं. मित्राला कॉल केलाय. तो काहीतरी टाइप करतोय, मी मेल हलवतोय.

...

पाठवली. चार ओळी झाल्या.

निळीशाई:

शांतदुपार, ही बातमी वाचून डोळे भरून आले.

तुम्हा सगळ्यांचं वाचून मी काल एक गोष्ट केली. बारावी डायरी सुरू केली, पण या वेळी पहिलं पान लिहायच्या आधी शेवटचं लिहिलं. त्याला 'परतीचं पान' नाव दिलंय. आज मन ताळ्यावर आहे, तेव्हा मोडल्यानंतरच्या माझ्यासाठी आजच लिहून ठेवलंय:

'डायरी सुटली आहे. सुटणारच होती. मधली पानं भरू नकोस, तारखाही घालू नकोस. नवी डायरी आणू नकोस. जे पान समोर उघडेल त्यावर आजची तारीख आणि एक ओळ लिही. कालची गोळी चुकली असेल तर आजची नेहमीसारखीच घे, दोन नाही. झोप बिघडली असेल तर उद्या सातला उजेडात जा. ताईला फोन कर, काय झालं ते सांगू नकोस, नुसतं "परत आले" म्हण. तिला माहीत आहे.'

ताईला खरंच सांगून ठेवलंय. ती म्हणाली, रात्री बारालाही चालेल.

मोरपीस:

मुलाच्या दप्तरासाठी असं पान करू का? त्यालाच लिहायला लावते, चित्रं काढून.

उंबरठा:

फळ्याच्या कोपऱ्यात आम्हीही लिहिलं: 'बंद पडला तर पूर्ण पुसा.'

निळीशाई (सात आठवड्यांनी):

धागा वर काढतेय. डायरी १९व्या दिवशी सुटली. घरात आजारपण आलं आणि तिच्याकडे बघायचंच राहिलं. मग नेहमीसारखी खणात गेली. नऊ दिवसांनी चार्जर शोधताना खण उघडला तेव्हा हाताला लागली. आधी सवयीनं पोटात खड्डा पडला, मग शेवटचं पान आठवलं. उघडलं आणि वाचलं. माझंच अक्षर होतं, पण कुणी दुसऱ्यानं मायेनं सांगावं तसं वाटलं. त्या दिवसाच्या पानावर तारीख आणि एक ओळ: 'आज चार्जर सापडला.' ताईला फोन केला. ती 'बरं' म्हणाली आणि तिच्या मांजरीबद्दल सांगत बसली.

त्यानंतर आणखी एकदा सुटली, चार दिवस. आज ५१वा दिवस. त्यातली ३८ पानं लिहिलेली आहेत, १३ कोरी आहेत आणि ती कोरी पानं उघडी पडली तरी चालतात.

पानगळ:

निळीशाई, फार आनंद झाला. एकच सुचवू का? चार्जर हरवला म्हणून डायरी सापडली. पुढच्या वेळी चार्जर जागेवर असला तर? परतीचं पान आत ठेवू नका, कव्हरवर बाहेरून चिकटवा. आणि डायरी उशीवर ठेवा, म्हणजे झोपायच्या आधी ती उचलावीच लागेल.

निळीशाई:

चिकटवलं. उशीवर ठेवलीय.